नसलेली गाठ

शस्त्रक्रियेला सतरा दिवस झाले होते. अंघोळीनंतर अंग टिपताना डाव्या छातीच्या खालच्या घडीत ओलं लागलं. आधी घामच वाटला, कारण मे महिन्यात चेन्नईजवळच्या या आवडी गावात अंग कोरडं म्हणून राहत नाही. पण टॉवेलवर पिवळसर डाग होता. आरशाशी गेले. स्तनाग्रापासून खाली आलेली उभी रेघ घडीतल्या आडव्या रेघेला जिथे मिळते, नेमके तिथले टाके सुटून नखाएवढं तोंड उघडलं होतं.

मी बादली पालथी घातली आणि तिच्यावर बसून राहिले. रडायचंसुद्धा त्राण नव्हतं.

मी शाळेत गणित शिकवते. छातीच्या वजनाने वीसेक वर्षं मान आणि पाठ दुखत होती, खांद्यांवर पट्ट्यांचे खळगे पडले होते. आकार कमी करून घ्यायचा हे मी दोन वर्षं मनात घोळवलं आणि मग नवऱ्याला सांगितलं. तो इथल्या संरक्षण खात्याच्या कारखान्यात आहे. तो म्हणाला, "तुला त्रास होतोय तर कर. पण आईला काय सांगायचं?"

आम्हा दोघांनाही 'छाती' हा शब्द सासूबाईंपुढे उच्चारता आला नसता. शेवटी त्याने सांगलीला फोन करून सांगितलं, "छोटीशी गाठ आहे, काढून टाकताहेत." तेवढ्यावर भागेल असं त्याला वाटलं होतं. सासूबाई तिसऱ्या दिवशी ज्वारीच्या पिठाची पिशवी घेऊन आमच्या क्वार्टरच्या दारात उभ्या होत्या.

त्यांनी घर हातात घेतलं. मला हात वर करायची मनाई होती, म्हणून माझी वेणीही त्याच घालायच्या. गाठीचा रिपोर्ट चांगला येईपर्यंत त्यांनी चहा सोडला होता. वेणी घालता घालता रोज विचारायच्या, "आला का गं रिपोर्ट?" मी म्हणायचे, "अजून नाही." आरसा समोर नसायचा तेच बरं होतं. जखमेवरच्या पट्ट्या मी न्हाणीघराला कडी लावून बदलायचे.

टाके सुटले त्या दिवशी नवरा ड्यूटीवर होता. क्लिनिकला फोन केला तर लगेच या म्हणाले. सासूबाई पदर खोचून तयारच झाल्या. त्यांना नको म्हणण्याइतकी ताकद माझ्यात नव्हती. शिवाय डॉक्टर इंग्रजीत बोलणार, बाकीचे तमिळमध्ये, यांना काय कळणार, असा हिशेबही मी मनात केला होता. आवडीहून लोकलने सेंट्रल, तिथून दुसऱ्या गाडीने मैलापूर. उजव्या हाताने दांडी धरता येत नव्हती, डाव्यानेही नाही. त्यांनी एका बाईला उठवून मला बसवलं.

डॉक्टरांनी पाहिलं आणि शांतपणे सांगितलं, तीन बाजूंची कातडी जिथे ओढून शिवलेली असते तिथे ताण सगळ्यात जास्त पडतो, त्यात हा घाम. पुन्हा शिवायचं नाही, आतून भरत येईल. सहा-सात आठवडे लागतील.

"आणि व्रण?" मी विचारलं.

"तिथे थोडा रुंद राहील. सगळेच आधी काळपट, कडक होतील. वर्षभराने फिकटतील. पुसले जाणार नाहीत." हे त्यांनी आधीही सांगितलं होतं. तेव्हा मला ऐकायचं नव्हतं.

ड्रेसिंगच्या खोलीत मी पडून होते. उतारवयाची, केसांत मोगरा माळलेली नर्स कापसाने जखम पुसत होती. सासूबाई मला म्हणाल्या, "फार आग होतेय का?" तशी नर्सच वळून म्हणाली, "होईल थोडी. मग सरी होईल, अम्मा." 'सरी' म्हणजे ठीक, एवढं सोडलं तर मराठीच होतं, फक्त चाल तमिळची.

सासूबाईंचा चेहरा उजळला. इथे आल्यापासून घराबाहेर पहिल्यांदा आपली भाषा ऐकली होती. "तुम्ही कुठल्या?"

"आम्ही तंजावरचे. मी इथेंच वाढलें."

"मग बाई, मला खरं सांगा," सासूबाईंचा आवाज एकदम उतरला. "हिची गाठ कसली होती?"

मी छताकडे बघत होते.

"गाठ?" नर्स गोंधळली. "गाठ नव्हती. मोठें होतें, लहान केलें. रोग काही नव्हे. भिऊं नका."

माझ्या कुर्त्याची कड सासूबाईंनी वर धरून ठेवली होती. ती त्यांनी सोडली नाही.

परतीच्या गाडीत अर्धा रस्ता गेल्यावर त्या म्हणाल्या, "मी रोज देवाला म्हणत होते, हिच्याऐवजी मला ने."

"आई, मला सांगायची लाज वाटली."

"लाज, की माझी भीती?"

"दोन्ही."

घरी येऊन त्यांनी चहा केला आणि एकट्याच गॅलरीत बसून प्यायल्या. संध्याकाळी नवरा आला तेव्हा दारातच त्याला म्हणाल्या, "तुझी आत्या गाठीनेच गेली. सहा महिने मी तिचं केलं. आणि तू मला गाठ सांगितलीस?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी न्हाणीघराचं दार वाजवलं. "उघड. दाखव." नर्सने केलं होतं तसंच त्यांनी सगळं केलं: हात धुतले, जखम पुसली, औषधाची जाळीदार पट्टी दुमडून ठेवली. पुढचे कितीतरी दिवस आमच्यात तेवढंच बोलणं होतं. हात बाजूला घे. हलू नकोस. झालं.

एकदा त्या पट्टी चिकटवताना म्हणाल्या, "मला हे अजून पटलेलं नाही. पण भरतंय."

जूनमध्ये शाळा सुरू झाली. ओढणीखाली पट्टी घेऊन मी शिकवायचे आणि फळ्याच्या खालच्या अर्ध्यातच लिहायचे. शेवटचा तास खुर्चीत बसूनच घ्यायचे. जुलैत जखम मिटली तेव्हा सासूबाई सांगलीला गेल्या. मग व्रणांचं सुरू झालं. सिलिकॉनच्या पट्ट्या, रोज बोटांनी चोळणं, काखेकडची टोकं जाड होऊन येणारी खाज, तिथे दोनदा इंजेक्शन. भर वर्गात खाज सुटली की मी मुलांना गणित घालून खिडकीशी जाऊन उभी राहायचे. नवरा बरेच महिने तिकडे नीट बघायचाच नाही. एकदा म्हणाला, "हात लावू का?" मी म्हटलं, "लाव. पण तिथे मला काही कळत नाही." त्याने लावला, आणि बराच वेळ काढला नाही.

आता दीड वर्ष होऊन गेलं. मान दुखायची थांबली आहे. उजवीकडच्या रेघा शोधाव्या लागतात. डावीकडे अंगठ्याएवढा चकचकीत पट्टा आहे, तो तसाच राहणार.

दिवाळीला सासूबाई आल्या होत्या. मी साडी बदलत असताना खोलीत आल्या, चष्मा वर करून त्यांनी पाहिलं.

"डावीकडची रुंदच राहिली."

"हो."

"राहू दे," म्हणाल्या, आणि माझ्या निऱ्या धरायला खाली वाकल्या.