उघाडीवरचा डबा

आमच्या कंपनीतले साहेब म्हणजे एसीत बसून समुद्राला शहाणपण शिकवणारी जात. खाडीच्या बांधाला उघाडी असते, म्हणजे दार. ओहोटीला उघडून शेतातलं पावसाचं पाणी सोडायचं, भरतीला लावून टाकायचं, नाहीतर खारं पाणी आत शिरून जमीन नापीक होते. आमच्या गावात हे हातानं चालायचं, ते साहेबांना मागासलेलं वाटलं. मग दाराला मोटर आली, मोटरीला लिनक्सवर चालणारा कॉम्प्युटरचा डबा आला. बांधाच्या आत पहिलंच शेत माझ्या वडिलांचं.

डब्यातल्या बोर्डाला पिना असतात. कुठली पिन काय करणार, सुरू होताना कुठली गप्प बसणार, हे एका फाइलीत लिहून द्यावं लागतं. साहेबांनी दुसऱ्याच बोर्डाची फाइल उचलून चिकटवली. आयत्या बिळावर नागोबा! टेबलावर मोटरीच्या जागी दिवा जोडून तपासताना मला दिसलं, डबा सुरू झाला की मोटरीची पिन चार सेकंद आपसूक चालू राहते. मी सांगितलं. साहेब म्हणाले, "चार सेकंदांत काय आभाळ कोसळतंय?" मीही मोठा शहाणा, मान डोलावली. दुसऱ्या दिवशी किहीमला कंपनीची पिकनिक होती ना!

आमच्याकडे वीज एकदा जाऊन थांबत नाही, नुसता लपंडाव. भाद्रपदातल्या उधाणाला भर दुपारी ती पंधरा वेळा गेली आणि आली. दर वेळी डबा नव्यानं सुरू, दर वेळी दार चार बोटं वर. सुरू होताना दार बंदच आहे असं धरून चालायचं, एवढीच त्या गाढवाला अक्कल. माझ्या मोबाइलवर तो कळवत राहिला, दार बंद.

वडील उधाण बघून उघाडीवर निघालेच होते. मी फोनवर म्हणालो, "बाबा, कशाला भिजताय? डबा सांगतोय बंद आहे. निवांत जेवा."

ते जेवले आणि आडवे झाले.

संध्याकाळी गावी पोचलो तेव्हा पोटरीला आलेलं, लोंब्या फुटायच्या बेतातलं भात पाण्यात उभं होतं. साहेबांचा फोन आला, "अरे, इथं तर बंद दाखवतंय." मी फोन कापला. शिव्या कुणाला घालणार? दिवा पेटलेला मीच पाहिला होता.

आमच्याकडे शेतातल्या पाण्यात बोट बुडवून जिभेला लावतात. गोडं की खारं, लगेच कळतं. वडिलांनी स्वतःचं बोट बुडवलं नाही. माझा हात धरला आणि माझं बोट पाण्यात घातलं.

"चाख," म्हणाले. "आता तीन वर्सं हेच हाय."