सरत्या वर्षाचं पान

बातमी दुसऱ्या दिवशी रद्दीत जाते, पण ती छापताना झालेल्या भानगडी कुठं जातात? त्या आमच्याच डोक्यात साठून राहतात! जालना रोडवरच्या आमच्या पेपरात मी डेस्कवर. दर डिसेंबरला वर्षाच्या आढाव्याचं पान माझ्या गळ्यात. अर्ध्या पानात राजकीय घडामोडी, उरलेल्या अर्ध्यात ‘देशानं गमावलेली माणसं’.

●

एका वर्षी आमच्याकडच्या एका पुढाऱ्यानं कमाल केली. उन्हाळ्यात पक्ष सोडून दुसऱ्यात गेला, पावसाळ्यात परत आला, दिवाळीआधी तिसऱ्याच पक्षात! पान छापून आलं आणि सकाळीच त्यांचा फोन.

“म्याडम, तुमच्या पेपरनं बदनामी केली आमची.”

मी घाबरले. “साहेब, आम्ही फक्त पक्षप्रवेशच दिलेत हो...”

“तेच म्हणतोय! तीन झाले, छापले दोनच!”

●

आमचे प्रूफरीडर सय्यदभाई. घरी दखनी बोलतात, पण मराठीतला ऱ्हस्व-दीर्घ त्यांच्या नजरेतून सुटत नाही. एक बडे नेते फार आजारी होते, म्हणून त्यांच्यावरचा मृत्युलेख आम्ही तयार करून ठेवला. नेते बरे झाले. पुढच्या वर्षी पुन्हा आजारी, पुन्हा बरे! दरवेळी सय्यदभाईंनी तो लेख नव्यानं तपासला.

एकदा मी विचारलं, “भाई, लेख तयार आहे ना?”

चष्मा पुसत म्हणाले, “लेख तो कब का तयार है मॅडम. साहब तयार नहीं!”

●

हा माझा स्वतःचा पराक्रम. निवडणुकीचं वर्ष होतं. पान लावताना एक फोटो इकडचा तिकडं झाला आणि वाळूजकडचा नवा निवडून आलेला जिल्हा परिषद सदस्य थेट दिवंगतांच्या रांगेत! खाली ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. दुपारी तो चार कार्यकर्ते घेऊन ऑफिसात हजर. नोकरी गेली असंच मी धरून चालले. उठून हात जोडले.

तो खुर्चीत बसला. पाणी प्यायला.

“म्याडम, सकाळपासून फोन थांबंना. लोकं रडायलेत! विरोधकसुद्धा म्हणला, लई गुणी माणूस व्हता.” मग जरा वाकून हळूच म्हणाला, “खुलासा उद्या नका छापू. परवा छापा!”

●

आणि हा गेल्या डिसेंबरातला. गमावलेल्या माणसांची यादी आमचे संपादक जाधव सर स्वतः करतात. मंत्री, कलावंत, खेळाडू. त्यात ते कुणाचं ऐकत नाहीत. एकदा मालकांनी स्वतःच्या व्याह्यांचं नाव सुचवलं, तर सरांनी तेही कापलं!

यादी पक्की झाली त्या दुपारी पाचोडजवळच्या एका खेड्यातून एक आजी एसटीनं आल्या. पिशवीतून नवऱ्याचा फोटो काढून त्यांनी माझ्या टेबलावर ठेवला.

“आमचं म्हातारं गेलं औंदा. त्या पानावर घ्या.”

“काय करायचे आजोबा?”

“कोतवाल व्हते गावचे. मतदान असू दे, रेशन असू दे, दवंडी त्येंचीच. कुणी वारलं तर पाहुण्यांच्या गावाला चालत जाऊन सांगायचे. पेपर कुठं येत व्हता तवा आमच्याकडं?”

मी समजावलं, “आजी, निधनाच्या बातम्यांचं पान वेगळं आहे. तिथं घेते मी. हे पान देशानं गमावलेल्या माणसांचं आहे.”

आजींनी माझ्याकडं नीट पाहिलं.

“मंग? आमचं म्हातारं काय परदेशात व्हतं व्हय?”

सगळं डेस्क हसलं. मीसुद्धा. आजी मात्र हसल्या नाहीत.

जाधव सर केबिनच्या दारात उभे होते. कधीपासून, कुणास ठाऊक. ते पुढं आले, त्यांनी आजींसाठी खुर्ची ओढली, माझ्या हातातला पेन घेतला आणि म्हणाले,

“पूर्ण नाव सांगा, आजी.”