लाल टोकाच्या खुंट्या

माझी नात पुण्यात जैवविविधता आणि संवर्धन या विषयात एम. एस्सी. करत होती. प्रबंधासाठी तिने गवत निवडले. तिच्या वडिलांनी एवढेच विचारले की गवत आपल्या गावी न्हावऱ्यातही आहे, त्यासाठी पुण्याला जाण्याचे कारण काय.

गावाबाहेर आमच्या शेजाऱ्यांचा, आप्पांचा, एक माळ आहे. तिथे पाणी चढत नाही, म्हणूनच तो उसापासून वाचला. त्यावर मीटरभर लांबीरुंदीचे दहा चौकोन आखायचे आणि सहा महिने, दर महिन्याला, प्रत्येक चौकोनातील गवताच्या जाती मोजायच्या, असे तिचे काम होते. माती हलली की तो चौकोन बाद. सहापेक्षा कमी उरले की वर्ष बाद. आप्पांनी परवानगी आनंदाने दिली होती.

चार महिने हे काम सुतळी आणि काटक्यांवर चालले. पाचव्या महिन्यात मी माळावर गेलो आणि ते वाकडे चौकोन मला पाहवले नाहीत. मी मोजणी खात्यात तेहतीस वर्षे नोकरी केली आहे. घरून फीत, झेंडी आणि लाल टोकाच्या लोखंडी खुंट्या आणल्या व दहाही चौकोन काटकोनात बसवून दिले. काम चोख झाले.

तिसऱ्या दिवशी नात धापा टाकत घरी आली.

"आबा, माळावर आंबे लावलेत!"

मी जाऊन पाहिले. आंब्याची रोपे सरळ रांगेत उभी होती आणि ती रांग चार चौकोनांतून गेली होती. आमच्या भागात लाल खुंटी आली की मागून रस्ता किंवा कारखाना येतो, आणि उभ्या फळझाडांची भरपाई वेगळी मिळते. आप्पांनी माझ्या खुंट्या पाहून थेट रोपवाटिका गाठली होती.

"आप्पा, ही मोजणी नाही. गवताचा अभ्यास आहे."

"व्हय, मोजणीदार. गवतच हाय." त्यांनी डोळा मिचकावला. "रोड हाय का कंपनी, तेवढं सांगा."

"काही नाही. नुसती पाहणी आहे."

"कालव्याच्या टायमाला दौंडात माझ्या मेव्हण्याला तुम्ही ह्येच सांगितलं व्हतं. नुसती पाहणी. आता त्याच्या वावरात मासं हायेत."

मी तसे सांगितले होते. वरून तसेच सांगण्याचा आदेश होता.

"उद्या चिक्कू येत्यात," आप्पा म्हणाले. "उरलेल्या जागंत."

उरलेल्या जागेत सहा चौकोन होते. मी घरी येऊन नातीला ते सांगितले. तिने वही आणि पेन्सिल पिशवीत भरून ठेवली. रागावली असती तर बरे झाले असते.

सकाळी चिक्कूचा टेम्पो माळावर आला तेव्हा ती आधीच तिथे वही घेऊन बसली होती.

"आप्पा, रोपं उतरवायच्या आधी एक चौकोन माझ्याबरोबर मोजा. मला नावं कमी पडतात."

आप्पा उकिडवे बसले. "ही कुसळी. ह्यो पवन्या. आन् हे मारवेल, म्हस एक काडी सोडत न्हाई." ती प्रत्येक नाव लिहीत होती, प्रत्येक ठोंब मोजत होती, आणि शंका आली की पुन्हा पहिल्यापासून मोजत होती. तासाभरात एक चौकोन झाला. टेम्पोवाला हॉर्न वाजवू लागला. दुसरा चौकोन निम्मा झाला तेव्हा आप्पा गुडघ्यावर हात टेकून उठले.

"ने रं माघारी," ते टेम्पोवाल्याला म्हणाले. "सरकार न्हाई ह्ये. सरकार येवढं बघत न्हाई."

मग माझ्याकडे वळले. "काय मोजणीदार, आधी सांगायचं की राव."

सहा चौकोन वाचले. नातीने त्याच दिवशी माझ्या खुंट्या उपटून पिशवीत भरून परत दिल्या आणि सुतळी लावली. प्रबंध पुरा होईपर्यंत मी बांधापलीकडे यायचे नाही, असेही सांगितले. शेवटच्या मोजणीला मी बांधावर बसून होतो. सुतळी वाकडी होती.

प्रबंध मान्य झाला. त्याची एक प्रत तिने मला आणून दिली. आभारात गवतांच्या नावांसाठी आप्पांचा उल्लेख आहे. त्याखाली लिहिले आहे, 'अभ्यासक्षेत्रापासून दूर राहिल्याबद्दल आजोबांची ऋणी आहे.'

मी ते वाक्य दोनदा वाचले. त्यात चूक सापडली नाही.