लपलेली बाजू

त्याला सगळे 'आरसा' म्हणत. फर्निचरला पॉलिश मारणं हा त्याचा धंदा, आणि टेबलात गिऱ्हाइकाला स्वतःचं तोंड दिसेपर्यंत तो हातातला बोळा खाली ठेवत नसे. बहीण चिडवायची, "दादाच्या हाती भूत द्या, घासून घासून माणसात आणेल."

काम वडिलांनी शिकवलेलं. त्यांचा नियम एकच: टेबलाची खालची बाजू, कपाटाची पाठ, खणाचा तळ, जिथे कुणी कधी बघणार नाही तिथेही तेवढाच हात मारायचा. "वरून काय, कुणीही चमकवतो," ते म्हणत. "लपलेल्या बाजूला कारागीर कळतो." आता त्यांची नजर गेली होती. दुकानामागच्या खोलीत खाटेवर बसून असत आणि मुलाला स्पिरिटच्या वासावरून ओळखत.

त्याच खोलीत, भिंतीतल्या दोन खिळ्यांवर आजोबांची रायफल होती. आजोबा लढाईवरून आले ते ही घेऊन. बोलणं तिकडेच ठेवून आले. पुढची सगळी वर्षं ते तिला मांडीवर घेऊन बसले, आणि एक दिवस गेले. मागे ना फोटो उरला, ना चप्पल. नजर अधू झाली तेव्हा वडिलांनी रायफल मुलाकडे दिली. "हिला जप," एवढंच म्हणाले.

त्याने जपली. दरवर्षी खाली काढायची, स्क्रू न् स्क्रू मोकळा करायचा, लाकूड वेगळं, लोखंड वेगळं, आणि नियमाप्रमाणे सगळीकडे हात मारायचा.

मग फर्मान निघालं. घरोघरची जुनी शस्त्रं तपासायची. ज्यांची काडतुसं आता कुठेच बनत नाहीत, ती घरात राहतील. बाकीची जमा करायची, आणि जमा झालेली कापायची. आपली कोणती, हे पटवून देणं मालकाच्या माथी.

मुदत संपत आली तेव्हा तो रायफल चादरीत गुंडाळून संग्रहालयात गेला. तिथे शस्त्रांची पारख करणाऱ्या एक बाई होत्या. त्यांनी ती खिडकीशी नेली आणि चष्मा वर सरकवला.

"शिक्के कुठे आहेत?"

"कसले?"

"नळीवर असतात. कारखान्याचा, सालाचा, नंबराचा."

"ते होय! खरवडल्यासारखं काहीतरी होतं. काढून टाकलं मी. हात फिरवून बघा ना, लोणी आहे लोणी."

बाईंनी हात फिरवला नाही. "हरकत नाही," त्या म्हणाल्या. "नळीच्या खालच्या अंगाला एक असतो, लाकडात झाकलेला. तिथे कुणी पोचत नाही."

त्याने स्वतःच लाकूड सोडवायला घेतलं. स्क्रू सहज फिरले. दरवर्षी फिरतच होते. नळी लाकडातून उचलली. खालच्या अंगात बाईंना स्वतःचं तोंड दिसलं.

एकच उपाय उरला होता. काडतूस जिथे बसतं त्या पोकळीत बाईंनी वितळलेलं मेण ओतलं, थंड झाल्यावर ठसा बाहेर काढला, मोजला, पुन्हा मोजला.

"या मापाचं काडतूस जगात झालंच नाही."

"मग बरंच की! जे झालंच नाही ते आता कोण बनवेल?"

"अहो, तुम्ही आतूनही घासलंय."

"काठीला पॉलिशपेपर गुंडाळून," तो हळूच म्हणाला.

"याच घडणीच्या रायफली पुढे नव्या काडतुसांसाठीही निघाल्या. बाहेरून अगदी सारख्या. ही त्यातली नाही, हे मी कशावरून सांगू?" मग त्यांना त्याच्याकडे बघवेना. "घरात जुनं कुणी आहे? शिक्का आठवणारं? मुकुट होता की चांदणी, एवढं कळलं तरी शोधता येईल. उद्यापर्यंत सांगा."

तो जवळजवळ पळतच घरी आला. रायफल वडिलांच्या मांडीवर ठेवली. म्हाताऱ्याची बोटं दस्त्यावरून फिरू लागली. खाली गेली, वर आली, पुन्हा खाली जाऊन थांबली.

"ही कुणाची?"

"आपलीच, बाबा."

"आपल्या दस्त्याला खाली काप आहे. माझे बाबा त्यात अंगठा घालून बसायचे, दिवसदिवस. मी ओळखणार नाही होय?"

तो काप त्याने कधीच लाख भरून सपाट केला होता. इतका सफाईने, की जोड त्यालाही सापडत नसे.

"बाबा, नळीवरचा शिक्का आठवतो? मुकुट होता का? चांदणी?"

"शिक्का होता. पण असं तोंडी नाही सांगता यायचं, बोट ठेवलं की आठवेल." म्हाताऱ्याने मांडीवरची रायफल बाजूला सारली. "ही ज्याची आहे त्याला देऊन टाक. आपली काढ ना भिंतीवरून."

तो स्टुलावर चढला. का चढला ते त्यालाही कळलं नाही. दोन्ही खिळ्यांना हात लावून तो तसाच उभा राहिला. खाली वडील हात पसरून वाट बघत होते.

"काढलीस का रे?"

"नको बाबा. राहू दे वरच."

दुसऱ्या दिवशी त्याने ती जमा केली. कापताना थांबायची सक्ती नव्हती, तो थांबला. करवतीखाली नळीचे तुकडे पडले, आणि प्रत्येक तुकडा आतून बाहेरून सारखाच चमकत होता.

वडील संध्याकाळी कधीतरी विचारतात, "आहे ना वर?"

"आहे."

"यंदा हात मारलास तिला?"

"नाही. तशीच ठेवलीय."

त्यानंतर त्याने टेबलांच्या खालच्या बाजूला बोळा लावला नाही. एकाही गिऱ्हाइकाच्या ते लक्षात आलं नाही.