भाऊंसाठी धरलेले सोळा सोमवार

आधी चहा संपवा, मग सांगते. नाहीतर ठसका लागेल! व्रतवैकल्यं करणाऱ्या बाईची गावभर नाचक्की व्हावी, आणि तीही महादेवाच्या सोमवारावरून? ऐकलंय का कधी?

आमचं गाव मुरबाड तालुक्यात, धसईजवळ. गावात एकच टीव्ही होता, तेव्हाची गोष्ट. आमच्या भागाचे एक पुढारी होते, सगळे त्यांना भाऊ म्हणायचे. माणूस असा विनोदी की लोक तक्रार घेऊन जायचे आणि पोट धरून परत यायचे. एकदा कुणी रस्त्याचं काढलं, तर म्हणाले, "आरे, रस्ता नाय म्हणून जीप रुतते आन मी तुमच्यात घटकाभर थांबतो. डांबर पडलं का काच पन खाली करनार नाय मी!" रस्ता राहिला बाजूला, लोकांनी टाळ्या वाजवल्या.

त्या श्रावणात देवळापुढे त्यांची सभा होती. मला सोमवारी मेहूण जेवू घालायचं होतं, म्हणजे नवरा-बायको जोडीनं. मी उठले आणि भर सभेत म्हटलं, "भाऊ, सोमवारी आमच्याकडे मेहूण म्हणून जेवायला या. वहिनींना घेऊनच या हं!"

शेजारच्या काशीनं माझा पदर ओढला. "आगो, त्यांचं लगीन कुठं झालंय?"

पन्नाशीचा माणूस, आणि बिनलग्नाचा? मला काय ठाऊक!

भाऊंनी हात जोडले. "येतो ताई. पन वहिनी कुठनं आनू? विरोधकांनी माझ्या नावावर सगळं लावलं, तेवढी बायको लावायची राहिली. आता तुमीच बोला येखादा नवस!"

सगळे हसले. मला मात्र गलबलून आलं. जगाला हसवणारा माणूस रोज घरी जाऊन कुलूप उघडत असेल! आणि त्यानं हात जोडून मागितलं होतं. मुली नवऱ्यासाठी सोळा सोमवार करतात, मग त्याच्या वतीनं बायकोसाठी मी का करू नयेत? दौऱ्यात त्याला कुठला उपास झेपायला!

धरले. काशीनं विचारलं, "कुनासाठी गो?"

"भाऊंसाठी."

"आगो बाई! आन भावोजींना म्हाईत हाय?"

"हो तर! प्रसादाच्या चुरम्याचे गहू तेच दळून आणतात."

काशी जी पळाली, ती बहुतेक मुरबाडपर्यंत थांबलीच नाही.

बाजारात बायका माझ्या मंगळसूत्राकडे बघायला लागल्या. मला वाटलं, नवी घडण आवडली असेल! मग शहापूरहून आई एसटीनं आली, ती डोळ्याला पदर लावूनच.

"दोन पोरं पदरात, आन आता सोळा सोमवार? कशाला गो?"

"अगं, भाऊंचं लगीन व्हायला नको का?"

"कुनाशी?" आई किंचाळली.

हातातली परात पडली माझ्या. शंभू महादेवा! अख्खा तालुका समजत होता की मी... छे, बोलवतसुद्धा नाही! आमचे हे शांतपणे म्हणाले, "मला ठाऊक होतं लोक काय बोलतात ते. म्हटलं, देवाचं काम हाय, मधी बोलू नये." आता या माणसाला काय म्हणावं?

धरलेलं व्रत अर्ध्यात सोडता येईना, आणि गावात तोंड दाखवता येईना. त्यात भाऊंची पुन्हा सभा लागली. त्यांच्या कानावर गेलेलं असणारच. त्यांनी एक कोटी केली की संपले मी! गाव ती जन्मभर सांगणार.

मी शेवटच्या रांगेत डोक्यावरून पदर घेऊन बसले. भाऊ उभे राहिले. "ऐकलं, या गावात माझ्यासाठी उपास चाललाय."

लोक खुदखुदले. मी पदर आणखी पुढे ओढला.

भाऊंनी गर्दीत नजर फिरवली आणि ह्यांना हाक मारली, "दाजी! वर या. बहिनीचा नवरा खाली आन मी खुर्चीत, बरं दिसतं का?"

दाजी! एका हाकेत मला बहीण करून टाकलं हो!

"माझ्या आयनं माझ्यासाठी इतके सोमवार केले, का शेवटी महादेव म्हनला, बाई, दुसरं काय पन माग. आता बहिनीनं धरलेत. कुनाला हसायचं आसंल तर मला हसा. मी त्याच्यासाठीच निवडून आलोय!"

टाळ्यांचा कडकडाट. माझी अब्रू वाचली. आता तरी गप्प बसावं की नाही? पण ऊर असा भरून आला की मी उठून ओरडले, "भाऊ, काळजी करू नका! ह्या सोळांत नाही जमलं, तर मी पुन्हा सोळा धरीन!"

रस्ता, पाणी, वीज, कशावरूनही ज्यांना कुणी गप्प करू शकलं नव्हतं, ते भाऊ गप्प झाले. तोंड उघडं ते उघडंच. मग हळूच ह्यांच्याकडे वळून कुजबुजले. पण माईक चालूच होता ना!

"दाजी, हिला आवरा. नायतर माझं खरंच लगीन हुईल."