ग्रेसीने झाकून ठेवलेली तारली

केरळातल्या आमच्या पाला गावात एलीचेडत्ती, म्हणजे आमची एलीताई, ब्लाउज शिवते. बायका मापं द्यायच्या निमित्ताने यायच्या, पण चौकशी ग्रेसीची करायच्या. ग्रेसी म्हणजे कोट्टयमच्या एका साप्ताहिकात एलीचेडत्ती लिहायची त्या कादंबरीची नायिका. गरीब नर्स, आजारी सासू, परागंदा नवरा. दर आठवड्याला एक भाग, दर भागात रडारड.

मी शेजारीण. चेडत्तीची सासू अंथरुणाला खिळलेली. तिला भाग वाचून दाखवायचं काम माझं. एकदा म्हातारीने मला मध्येच थांबवलं आणि मशीनवर बसलेल्या सुनेला विचारलं,

"एली, ही पोरगी कधी चिडत नाही का गं?"

"नाही अम्मच्ची. सहनशील आहे ती."

"माझी सगळी घाण तू काढतेस. तरी परवा भांडं आपटलंस की नाही?"

चेडत्ती लाल झाली. "हातातून निसटलं."

"तोंडातूनही बरंच निसटलं. कान शाबूत आहेत माझे."

त्या आठवड्यात चेडत्तीने वेगळंच लिहिलं. ग्रेसी सासूला कप्पा, म्हणजे उकडलेला टॅपिओकाचा कंद, भरवते, कालवणातली शेवटची तारली मात्र स्वतःसाठी झाकून ठेवते आणि चुलीपाशी उभ्यानेच खाते. वाचताना मला माझीच आई दिसली.

छापून आलं तेव्हा तारली गायब. ग्रेसी गुडघे टेकून प्रार्थना करत होती.

चेडत्तीने मला सोबत घेतलं आणि तडक कोट्टयमची बस धरली. संपादक पोथन सार हसतमुख माणूस.

"चोरटी नायिका कोणाला हवी, एलीकुट्टी?"

"चोरटी नाही सार, भुकेली आहे. तिला भूकच लागत नसेल, तर तिच्या उपासाचं कौतुक कसलं?"

"अशा बायका लोकांच्या घरात आहेतच. विकत घेऊन त्याच कशाला वाचतील?"

त्यांनी चहा मागवला. तो तसाच ठेवून चेडत्ती उठली. पुढचा भाग तिने पाठवलाच नाही.

तरी तो आला, तिच्याच नावाने. कोणीतरी लिहीत राहिलं. शेवटी ग्रेसीने नवऱ्याच्या दुसऱ्या बायकोला मूत्रपिंड दिलं आणि नाताळच्या आदल्या दिवशी हसत हसत प्राण सोडला. अख्खं गाव रडलं. रविवारी चर्चबाहेर बायकांनी चेडत्तीला गराडा घातला.

"ते मी नाही लिहिलं," ती म्हणाली.

"बघा, किती नम्र!" बायका म्हणाल्या.

पोथन सारांना फोन केला, तर ते म्हणाले, "अगं, एवढं नाव झालं तुझं, आणि भांडतेस काय?"

मग तिने स्वतःचा शेवट लिहिला. त्यात ग्रेसी जगते, चिडते, सासूशी भांडते आणि रात्री तिचेच पाय चेपते. दुकानात ब्लाउजचं माप द्यायला आलेल्या मोळीकुट्टीला तिने तो वाचून दाखवला. मोळीकुट्टीने मन लावून ऐकलं.

"छान आहे गं चेडत्ती," ती म्हणाली, "पण ग्रेसी अशी नव्हती."

चेडत्तीने कागद मशीनच्या खणात कोंबले आणि "हात वर कर," म्हणत तिच्या दंडाला टेप इतकी आवळली की मोळीकुट्टी ओरडलीच.