उतरायचं स्टेशन

गाडी हलली तेव्हा आप्पांनी उजव्या हाताचं बोट हवेत गोल फिरवलं. ती शेडमधली खूण होती, माग चालू दे. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत यंत्रमागांच्या खडखडाटात कुणाचं बोलणं कुणाला ऐकू येत नाही, म्हणून तिथली माणसं हातांनी बोलतात. बोट फिरवलं की चालू दे, मूठ वर केली की बंद कर. आप्पांचे कान तोवर निम्मे गेले होते आणि ते सोलापूर स्टेशनवरही शेडमध्ये असल्यासारखेच वागत. त्याआधी ते एकदाच बोलले होते, सगळ्या फलाटाला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. "हितं काय हाय तुज्यासाठी? जा. मागं बगू नकोस."

अव्वानं, माझ्या आईनं, खिडकीच्या गजांतून माझी बोटं धरली होती. ती म्हणाली, "डोकं सांभाळ." कुंभारीच्या कामगार वसाहतीतल्या आमच्या घराची चौकट माझ्या गळ्यापर्यंत यायची, आणि मी बाहेर पडताना ती रोज हेच म्हणायची. चेन्नईला निघालेल्या मुलालाही तिला दुसरं काही सांगायचं सुचलं नसावं.

चेन्नईतल्या एका बँकेनं मला बास्केटबॉल खेळण्यासाठी नोकरीवर घेतलं होतं. वसाहतीत कुणाला ते धड पटत नव्हतं. चेंडू टाकायचा पगार देतात व्हय, असं शेजारी विचारत. माझी उंची हा तिथं चेष्टेचा विषय होता. वर हवा कशी हाय रे, हे मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. शाळेच्या मैदानावरच्या रिंगला जाळी नव्हती, म्हणून आप्पांनी शेडमधल्या टाकाऊ सुताची जाळी विणून आणली होती. चेंडू तिच्यातून जाताना आवाजच करायचा नाही.

वसाहतीत राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारखं गाडीत बसून गेलेल्यांनो, आपण गेलो ते धाडसानं, असं आपल्याबद्दल बोललं जातं. माझ्यापुरतं सांगतो. मी खेळलो ते भीतीनं. खेळाडू म्हणून घेतलेल्याची नोकरी आधी कंत्राटाची असते. खेळ दिसला तर पक्की, नाहीतर परत. संघातली बाकीची मुलं हरायला घाबरत, मी परत जायला घाबरायचो. सोलापूर या शब्दाचा अर्थच माझ्यासाठी 'परत पाठवलं' असा झाला. स्वप्नात मी किट घालून शेडमध्ये उभा असायचो आणि आप्पा माझ्याकडे न बघता माग चालवत असायचे.

त्यात पहिल्याच मोसमात रिंगवरून उसळलेला चेंडू, रिबाउंड, घेऊन खाली येताना माझा पाय दुसऱ्याच्या बुटावर पडला. गुडघ्यात काहीतरी सरकलं. मी उठलो, हसलो आणि खेळत राहिलो. त्यानंतरची कितीतरी वर्षं माझं खरं काम बास्केटबॉल हे नव्हतंच, गुडघा लपवणं हे होतं. हॉस्टेलच्या बाथरूममध्ये बर्फ, ट्रॅकपँटच्या आत पट्टा, जिना उतरताना मुद्दाम कुणाशी तरी बोलत राहणं. सकाळी डोळे उघडले की आधी हात गुडघ्याकडे जायचा. आज कितपत सुजलाय?

स्पर्धेला पुण्या-मुंबईकडे जाताना आमची गाडी सोलापूरवरूनच जायची. सुरुवातीला मी कळवायचो आणि आप्पा कडक भाकरी न् शेंगाचटणीचं फडकं घेऊन फलाटावर यायचे. तेवढ्या थांब्यात सगळा संघ चटणीवर तुटून पडायचा. पण गुडघा गेल्यावर मी कळवणं सोडलं. आप्पांना ऐकू यायचं नाही, म्हणून ते माणसाला नुसतं बघायचे. ते विचारतील आणि मग ते खरं होईल, असं मला वाटायचं.

एकदा न कळवताही ते आले. स्पर्धेची बातमी पेपरात वाचून त्यांनी गाडी ओळखली असणार. खिडकीतून मला त्यांचा पांढरा सदरा दिसला. मी वरच्या बर्थवर चढलो आणि भिंतीकडे तोंड केलं. माझ्या उंचीच्या माणसाचे पाय बर्थबाहेर येतात, म्हणून मी ते जमतील तेवढे पोटाशी घेतले. सुजलेला गुडघा दुमडताना डोळ्यांतून पाणी आलं. आप्पा एकेका खिडकीत डोकावत डब्याच्या टोकापर्यंत गेले, परत आले. गाडी हलली. मला वाटलं, वाचलो. ती एकच वेळ असती तर आज हे लिहिलं नसतं. पुढे ती माझी सवय झाली. सोलापूर आलं की मी वर.

नोकरी पक्की झाली. गुडघ्यानं पूर्ण हात टेकले तेव्हा बँकेनं मला काउंटरमागे बसवलं, तिथंही उंचीमुळे खुर्ची बदलून घ्यावी लागली. चेन्नईतच लग्न झालं, मुलगी झाली. अव्वा गेली तेव्हा मी पोचलो, पण ती गेल्यावर. आप्पा वसाहतीतच राहिले. चेन्नईला चला म्हटलं की ते हात हलवून विषय संपवायचे.

मुलगी, ईरा, माझ्यासारखीच उंच निघाली. मी तिला कधी चेंडू दिला नाही, तिनं तो शोधून काढला. सतराव्या वर्षी ती पुण्याच्या अकादमीत गेली. माझी जुनी भीती नवं घर मिळाल्यासारखी तिच्या पायांत जाऊन बसली. व्हिडिओ कॉलवर मी तिला उठून पाणी आणायला लावायचो. ती चालताना कशी दिसते, ते मला बघायचं असायचं.

गेल्या सुट्टीत ती चेन्नईला यायला निघाली. दुपारी मेसेज आला, गाडी वेळेवर आहे. संध्याकाळी गाडी आली, डबा रिकामा झाला, ती उतरली नाही. फोन बंद. मी आत चढून तिचा बर्थ बघितला, बाथरूमची दारं वाजवली. समोरच्या बर्थवरच्या बाई सामान गोळा करत होत्या. त्या तमिळमध्ये म्हणाल्या, ती उंच मुलगी ना, पहाटेच उतरली, लंगडत होती बिचारी. कुठलं स्टेशन, मी विचारलं. त्यांना नाव आठवेना. पण पहाटे ती गाडी सोलापुरात असते, मला पुन्हा विचारायची गरज नव्हती.

आप्पांकडे फोन नाही, म्हणून मी शेजारच्या मल्लव्वांना लावला. त्या शांतपणे म्हणाल्या, "हाय की हितंच. आज्याबरोबर भाकरी खातीया. फोन लावू नगा म्हनली म्हनून न्हाय लावला. पन तिला मावंल असली खाट न्हाय बगा वसाहतीत."

मग ईरा फोनवर आली. गुडघा महिनाभरापूर्वी गेला होता. कोचना सांगितलं नव्हतं, पट्टा बांधून खेळत होती. मी म्हणालो, मला का नाही सांगितलंस, मी रागावलो असतो का?

"रागावला असता तर सांगितलं असतं, बाबा. तुम्ही घाबरता. तुम्ही घाबरलात की मला वाटतं, आता सगळं संपलं." मग ती म्हणाली, "आजोबा काही विचारतच नाहीत. त्यांनी गुडघा बघितला, मूठ वर केली आणि पाणी तापवायला गेले."

दुसऱ्या दिवशी मी गाडीत बसलो. चेन्नईच्या डॉक्टरांची वेळ घेतली होती, कोचशी काय बोलायचं ते तिच्यावर सोडलं होतं. सोलापूर जवळ आलं, गाडी मंदावली, आणि या वयातही माझी नजर आपोआप वरच्या बर्थकडे गेली. तिला परत आणायला निघालेला बाप लपायला जागा शोधत होता. मग खिडकीत फलाट आला. आप्पा उभे होते, खूप वाकलेले. शेजारी ईरा बाकावर पाय लांब करून बसली होती. आप्पांनी खिडकीत मला बघितलं आणि मूठ वर केली.

मी उतरलो. माझाही गुडघा पायरीवर कुरकुरला आणि मी तो लपवला नाही. आप्पा माझ्या पायांकडे बघत होते. मग सगळ्या फलाटाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "ह्या खेपेला उतरलास व्हय, तम्मा?"

लहानपणी ते मला असंच, तम्मा, म्हणजे पोरा, म्हणायचे. ईरा एकदा माझ्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत राहिली. आप्पांनी माझी पिशवी घेतली आणि पुढे चालायला लागले. जाता जाता म्हणाले, "तुजे पाय कुटं मावत्यात बर्थवर? मला दिसायचे की."

भीती गेलेली नाही. ईराचं ऑपरेशन व्हायचंय, ती पुन्हा खेळेल का, कुणी सांगू शकत नाही. पण घर कुठं, असं आता कुणी विचारलं तर मी उतरायचं स्टेशन सांगतो. त्या दिवशी कुंभारीच्या त्या चौकटीपाशी पोचलो तेव्हा मी वाकलो, आणि मागे वळून पोरीला म्हणालो, "डोकं सांभाळ."